आकडा आणि हात

जेम्स वॉट म्हटले की आपल्याला वाफेचे इंजिन आठवते, आणि त्यामागोमाग शाळेतली ती किटलीची गोष्ट. इंजिनाच्या धंद्यातून निवृत्त झाल्यावर हा माणूस काय करत होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घरी, माळ्यावरच्या खोलीत, तो पुतळ्यांच्या नकला करणारे यंत्र बनवत बसला होता. १८१९ मध्ये तो वारला तोवर त्याचे हे काम चालूच होते. ती खोली पुढे शंभर वर्षे जवळजवळ जशीच्या तशी राहिली, आणि आज ती हत्यारांसकट लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडून ठेवलेली आहे.

यंत्राची कल्पना समजायला सोपी आहे. एका बाजूला मूळ पुतळा, दुसऱ्या बाजूला कोरा ठोकळा, आणि मध्ये दांड्यांची जुळणी. जुळणीच्या एका टोकाला बोथट सुई, दुसऱ्या टोकाला फिरते पाते. सुई पुतळ्याच्या नाकावरून फिरवली की पाते ठोकळ्यात तसेच नाक कोरत जाणार. वॉटने अशी दोन यंत्रे केली: एक मूळ मापाची नक्कल काढणारे, दुसरे लहान मापाची.

आज कारखान्यांतून आणि महाविद्यालयांतून ज्या तीन यंत्रांची चर्चा असते, ती म्हणजे वस्तूचा आकार टिपणारा स्कॅनर, धातू कापणारे सी.एन.सी. मशीन आणि थरावर थर चढवून वस्तू उभी करणारा थ्रीडी प्रिंटर. वॉटच्या माळ्यावर यांपैकी पहिली दोन एकाच सांगाड्यात बसवलेली होती. फरक एवढाच, की त्याची सुई आणि पाते लोखंडी दांड्याने जोडलेले होते. नंतरच्या दीडशे वर्षांत तो दांडा कापला गेला आणि त्याच्या जागी आकड्यांची यादी आली. या यादीतून पलीकडे काय पोचते, काय वाटेत सांडते आणि ती यादी लिहिण्याचा हक्क कोणाला असतो, हे तीन प्रश्न मला या यंत्रांच्या वेगापेक्षा आणि किमतीपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

दांडा कसा तुटला

वॉटच्या मृत्यूच्या सुमारासच अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे लाकडी दस्ते कातणारा लेथ केला. त्यातही एक लोखंडी नमुना फिरत असे, आणि त्यावर टेकलेले चाक जसे वरखाली होई तसे पाते लाकूड तासत असे. लाकूड कातणाऱ्या आपल्याकडच्या कातारी मंडळींना अशा वाकड्यातिकड्या, गोल नसलेल्या आकारापुढे हात टेकावे लागले असते. ब्लँचर्डच्या लेथने तो प्रश्न सोडवला. पण नमुना आधी कोणीतरी हातानेच घडवायला हवा होता, आणि नमुन्यात चूक असली तर ती प्रत्येक दस्त्यात उतरणार होती. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे कारखाने याच तत्त्वावर चालले. साचा, नमुना, टेम्प्लेट अशी नावे बदलली; मुळाशी हाताने घासून केलेली एक वस्तू असायचीच.

ही साखळी तुटली ती हेलिकॉप्टरच्या पात्यामुळे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचे गाव आहे. तिथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा छेद म्हणजे एक नाजूक वक्ररेषा. विमान कंपनीकडून त्या रेषेवरचे फक्त १७ बिंदू येत, आणि मधली जागा कारागिराने वक्रपट्टीने जोडून, कानशीने घासून भरायची. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी सुचवले, की हिशेब करणाऱ्या पंचकार्ड यंत्रांवर गणित करून याच रेषेवरचे २०० बिंदू काढता येतील. बिंदू इतके जवळजवळ आले की घासण्याचे काम थोडेच उरते. मग पुढची पायरी आली. मिलिंग मशीनच्या दोन चाकांवर दोन माणसे उभी करायची आणि तिसऱ्याने आकडे मोठ्याने वाचायचे: आडवे इतके, उभे इतके. संगीताच्या बैठकीत तबलजी आणि पेटीवाला एकाच गायकाकडे कान लावून असतात, तसा हा प्रकार. मात्र इथे गायक फक्त आकडे म्हणतो.

ती तीनही माणसे काढून टाकून आकडे थेट मशीनला वाचायला लावायचे, ही पार्सन्स यांची कल्पना. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने तिला पैसा दिला. प्रत्यक्ष काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे एम.आय.टी.च्या, प्रयोगशाळेत झाले, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. शेकडो निर्वात नळ्यांनी भरलेली त्याची नियंत्रणाची कपाटे खुद्द मशीनच्या तोडीची जागा अडवत होती. पार्सन्स यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती, हेही इथे नोंदवायला हवे.

त्या फितीवरची भाषा पुढे प्रमाणित झाली आणि आजही, थोड्याफार फरकाने, जगभर तीच चालते. तिला जी-कोड म्हणतात. 'जी०१ एक्स५० वाय२५ एफ१२०' ही तिची एक ओळ. अर्थ असा: जिथे आहेस तिथून सरळ रेषेत, कापत कापत, आडव्या मापावर ५० आणि उभ्या मापावर २५ मिलिमीटर या बिंदूला जा, वेग मिनिटाला १२० मिलिमीटर ठेव. 'जी०२' म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळण, 'जी०३' म्हणजे उलटे वळण, 'एम३०' म्हणजे काम संपले. या भाषेत विशेषण नाही, क्रियापदे मोजकी, आणि 'साधारण' हा शब्द तर अजिबात नाही. कारखान्यातल्या बोलण्यात 'सूतभर घे', 'जरासा हलका हात ठेव' असे जे असते, त्याला इथे जागा नाही. पोलाद किती कडक आहे, पात्याची धार गेली आहे का, कापताना कर्कश आवाज येतो आहे का, यातले ओळीला काही कळत नाही. ते ज्याला कळते त्याने ओळ लिहितानाच वेग कमी धरायचा असतो.

दोन वाटा

इथे इतिहासाचे एक पान आहे, जे तांत्रिक पुस्तकांत सहसा सापडत नाही. मशीन स्वयंचलित करण्याची दुसरीही एक रीत त्याच काळात उपलब्ध होती. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 'रेकॉर्ड-प्लेबॅक' नावाची पद्धत तयार झाली. कुशल कारागिराने पहिला जॉब स्वतःच्या हाताने करायचा. तो चाके कशी फिरवतो, कुठे थांबतो, कुठे मागे घेतो, हे सगळे चुंबकीय फितीवर नोंदले जायचे. नंतर ती फीत लावली की मशीन त्याच हालचाली पुन्हा करणार. म्हणजे पहिल्या वाटेत आकडे कचेरीतून येतात, आणि दुसऱ्या वाटेत ते कारागिराच्या मनगटातून येतात.

साहित्याच्या वाचकाला या ठिकाणी एक ओळखीचा माणूस भेटेल. कर्ट व्हॉनेगट त्या वर्षांत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होते. आपोआप चालणारे मिलिंग मशीन त्यांनी तिथेच पाहिले, आणि त्यातून त्यांची पहिली कादंबरी 'प्लेअर पियानो' आली. तीत रूडी हर्ट्झ नावाचा एक तरबेज लेथवाला आहे. त्याच्या हातांच्या हालचाली फितीवर उतरवून घेतल्या जातात, आणि मग त्याची गरज उरत नाही. कादंबरीचे प्रकाशनवर्ष १९५२, म्हणजे एम.आय.टी.च्या प्रात्यक्षिकाचेच. तंत्रज्ञ ज्याचे कौतुक करत होते, त्याचे मोल काय द्यावे लागेल याचा हिशेब त्याच वर्षी एका कादंबरीकाराने मांडून ठेवला होता.

प्रत्यक्षात कारागिराचा हात नोंदवण्याची ती वाट मागे पडली आणि आकड्यांची वाट राजरस्ता झाली. का? इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात याचे उत्तर शोधले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत संपांची लाट होती. फीत कारागिराने भरायची म्हटले तर कामाची गती आणि रीत त्याच्याच हातात राहते. फीत कचेरीत भरली की ती व्यवस्थापनाकडे जाते. म्हणून मालकवर्ग आणि लष्कर यांना दुसरी वाट रुचली नाही.

नोबल यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण पुरा वाटत नाही. लढाऊ विमानांच्या पंखांचे काही भाग इतक्या गुंतागुंतीच्या वक्रतेचे असतात, की ते कोणाच्याही हाताने नेमके कापले जात नाहीत. जे हाताने एकदाही होऊ शकत नाही, त्याची नोंद कशी करणार? अशा कामासाठी आकडेच हवे होते. मात्र रोजच्या कारखान्यातले बरेचसे जॉब असे नव्हते. तिथे दोन्ही वाटा खुल्या होत्या. तिथे जी निवड झाली तिला फक्त तंत्राची गरज म्हणून चालणार नाही. त्या निवडीची सावली आजही दिसते. जॉब लावून हिरवे बटण दाबणारा मुलगा एकीकडे आणि संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारा दुसरीकडे. दोघांच्या पगारात अंतर, आणि मशीनशी बोलण्याचा अधिकार एकालाच. जुन्या टर्नरच्या अंगी ही दोन्ही कामे एकत्र होती.

प्रकाशाची सुई

आता वॉटच्या सुईकडे येऊ. स्कॅनर म्हणजे वस्तूला न शिकवता, न टोचता फिरणारी सुई. तिच्या मुख्य रीती तीन. पहिलीत लेझरची रेघ वस्तूवर पाडतात आणि शेजारच्या कॅमेऱ्यातून ती किती वाकडी दिसते ते पाहून, शाळेतल्या त्रिकोणाच्या गणिताने अंतर काढतात. दुसरीत प्रकाशाचा ठिपका जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा हे घड्याळ किती बारीक लागत असेल ते समजावे. तिसरीत एकाच वस्तूची चहूबाजूंनी शेकडो छायाचित्रे काढून संगणक त्यांतून आकार जुळवतो. तिन्हींचे फळ एकच: बिंदूंचा ढग. प्रत्येक बिंदूला तीन आकडे.

या सुईची ताकद १९९८-९९ मध्ये दिसली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क लेव्हॉय आणि त्यांचे सहकारी इटलीत मायकेलअँजेलोचे पुतळे मोजायला गेले. फ्लॉरेन्सचा 'डेव्हिड' त्यांनी पाव मिलिमीटर अंतराने टिपला. छिन्नीच्या खुणाही त्यात उमटल्या. आणि एक मजेशीर गोष्ट उघड झाली: या पुतळ्याची उंची पुस्तकांतून ४३४ सेंटिमीटर अशी छापली जात होती, ती प्रत्यक्षात ५१७ निघाली. जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध पुतळ्याच्या उंचीत हातापेक्षा जास्त फरक! एका ग्रंथाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने विश्वास ठेवला. संशोधनाच्या नावाने चार अक्षरे लिहिणाऱ्या कोणीही हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावे.

त्याच मोहिमेत सुईची मर्यादाही कळली. संगमरवर किंचित पारदर्शक असतो. लेझरचा ठिपका पृष्ठभागावर थांबत नाही, थोडा आत झिरपतो आणि पसरतो, त्यामुळे मापात गोंधळ येतो. चकचकीत, काळ्या आणि काचेच्या वस्तूंपुढेही स्कॅनर अडखळतो. त्यांवर आधी पांढऱ्या भुकटीचा हलका फवारा मारावा लागतो. जिथे प्रकाश पोचत नाही अशा खोबणीत तर तो आंधळाच.

पण त्याची खरी मर्यादा वेगळी आहे, आणि ती सुधारून जाणारी नाही. समजा, जुन्या पंपाचा एक भाग मोडला. कंपनी बंद पडली आहे, नकाशा कुठे नाही. भाग स्कॅन केला. भोकाचा व्यास आला २५.१३ मिलिमीटर. आता नवा भाग २५.१३ चा करायचा का? भोक मुळात २५ चे असणार आणि वर्षानुवर्षे फिरून झिजले असणार, हे ज्याने पंप उघडून पाहिले आहेत त्याला लगेच कळते. स्कॅनरने वस्तूबरोबर तिची झीजही इमानाने मोजली. वस्तू आज कशी आहे ते आकडा सांगतो. ती कशी असायला हवी होती ते सांगत नाही. आहे आणि हवे यांतले हे अंतर भरून काढायला पुन्हा फिटरच लागतो.

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे उदाहरण याच संदर्भात पाहण्याजोगे आहे. कलेचे इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी त्या वास्तूचे लेझरने मोजमाप करून शंभर कोटींहून अधिक बिंदू गोळा केले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते वारले. १५ एप्रिल २०१९ ला चर्चला आग लागली आणि ओकच्या लाकडाचे मध्ययुगीन छप्पर जळून गेले. मागे राहिलेली मोजमापे पुनर्बांधणीत मोलाची ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. पण नव्या छपराची तुळवंटे कशी घडवली? सुतारांनी कुऱ्हाडीने, झाडाच्या नसा पाहून, एकेक खोड तासून. तुळई कुठे होती आणि केवढी होती ते अशा मोजमापांतून समजते. एखादे खोड कोणत्या बाजूने तासावे ते समोरच्या खोडाकडे पाहूनच ठरते.

वजाबाकी आणि बेरीज

वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणले. नको तो दगड काढत गेले आणि जे उरले ते मंदिर. मशीनवरचे काम याच जातीचे, वजाबाकीचे. पाते जिथे पोचत नाही तिथला आकार होत नाही, आणि काढलेला कीस वाया जातो. याउलट भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाचे घर बांधणारी कुंभारीण माशी पहा. ती एकेक गोळी आणते, कडेवर लावते, आणि आतली पोकळी आपोआप तयार होते. हे बेरजेचे काम. थ्रीडी प्रिंटर कुंभारिणीच्या कुळातला.

जपानमधल्या नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून थर चढवण्याची रीत १९८१ मध्ये मांडली, पण त्यांच्या पेटंटचे काम तडीस गेले नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात चक हल यांनी अतिनील किरणांनी असाच द्रव थराथराने घट्ट करून एक लहानशी वाटी काढली. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉट क्रंप यांनी गोंदाच्या गरम पिस्तुलाने मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना तिसरीच रीत शोधली: वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक तंतू सोडत जायचा. आपल्याकडे शेवेचा सोऱ्या पाहिलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. आज घरगुती प्रिंटरमध्ये साधारण ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून सुमारे २०० अंश तापमानाला प्लॅस्टिक येते आणि ०.२ मिलिमीटरचे थर बसत जातात. म्हणजे बोटभर उंचीच्या वस्तूला तीन-चारशे थर.

हे यंत्र काय बदलते, ते खर्चाच्या हिशेबात दिसते. प्लॅस्टिकची बादली साच्यात ओततात. साच्याला लाखो रुपये लागतात, पण मग लाखभर बादल्या निघतात आणि दर बादलीवर साच्याचा बोजा नाममात्र पडतो. प्रिंटरला साचा नाही, म्हणून पहिला नग आणि हजारावा नग यांची किंमत जवळपास सारखीच. लाख बादल्यांसाठी हा सौदा तोट्याचा. पण ज्या वस्तूचा एकच नग हवा तिथे तो बिनतोड आहे. श्रवणयंत्राचे कवच घ्या. दोन माणसांचे कान सारखे नसतात. पूर्वी कानाचा ठसा घेऊन कुशल हाताने कवच घासत. आज ठसा स्कॅन होतो आणि कवच छापले जाते. दातांच्या साच्यांचेही तसेच.

उणिवाही सांगायला हव्यात. तंतूने छापलेली वस्तू थरांच्या जोडावर कमजोर असते. आडवा ताण दिला की पापुद्र्यासारखी सुटते. हवेत लोंबणाऱ्या भागाला खालून टेकू द्यावा लागतो आणि तो नंतर तोडून, घासून साफ करावा लागतो. धातूच्या छापील भागाला नेमके माप हवे असेल तर शेवटचा हात सी.एन.सी. मशीनवरच फिरवतात. बेरीज आणि वजाबाकी यांचे भांडण नाही. एकाच जॉबवर दोघी कामाला लागतात.

पाबळची खोली

क्रंप यांच्या पद्धतीचे पेटंट २००९ मध्ये संपले. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी स्वतःचे बरेचसे सुटे भाग स्वतःच छापू शकेल अशा प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला होता, आणि त्याचे सगळे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले. आज काही हजार रुपयांत मिळणाऱ्या प्रिंटरांचे मूळ या दोन गोष्टींत आहे. यादी लिहिण्याचा हक्क कचेरीतून बाहेर पडला तो इथे.

मराठी वाचकाने अभिमानाने आठवावे असे एक पान याहून जुने आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातला हा शास्त्रज्ञ, शाळा सुटलेल्या मुलांना काम करता करता विज्ञान शिकवायला दुष्काळी मुलखात येऊन राहिला. एम.आय.टी.चे नील गर्शेनफेल्ड यांनी संगणकावर चालणाऱ्या छोट्या यंत्रांची कार्यशाळा, म्हणजे 'फॅब लॅब', ही कल्पना विद्यापीठाबाहेर नेली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या ठिकाणांत, २००२ मध्ये, पाबळ होते. ज्या संस्थेत १९५२ साली आकडे कारागिराच्या हातून निसटले, तीच संस्था पन्नास वर्षांनी पाबळच्या मुलांच्या हाती आकडे द्यायला आली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. कलबाग पुढच्याच वर्षी गेले. आश्रम चालू आहे.

पाबळमध्ये नुसता प्रिंटर नव्हता. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, बांधकाम आधीपासून होते, आणि नवी यंत्रे त्यांच्या शेजारी येऊन बसली. मला हा क्रम योग्य वाटतो. आज अनेक शाळांत काचेच्या खोलीत प्रिंटर ठेवलेला असतो. पाहुणे आले की त्यावर चावीची साखळी छापून दाखवतात. त्या मुलांनी कानस कधी हातात धरलेली नसते, व्हर्निअरने स्वतः काही मोजलेले नसते. त्यांना २५.१३ आणि २५ यांतला फरक कोण सांगणार? दुसरीकडे आय.टी.आय.मधून आलेला मुलगा कानस उत्तम चालवतो, पण प्रोग्रॅमच्या पडद्याला हात लावायची त्याला मुभा नसते. पहिल्याला कानस द्यायला हवी आणि दुसऱ्याला पडदा. दोन्ही गोष्टी महाग नाहीत. जी-कोडच्या दहा-बारा आज्ञा आठवड्यात शिकून होतात, आणि कानस धरायला शिकवणारी वडीलधारी माणसे अजून आपल्या गावांत आणि औद्योगिक वसाहतींत आहेत. ती निवृत्त होण्याआधी हे व्हायला हवे.